आजींच्या पुस्तकातले आकडे

सिंगापूरला होते तेव्हाची गोष्ट. ऑफिसमधली मैत्रीण एका रविवारी तिच्या चर्चला घेऊन गेली, कँटनीज या दक्षिण चीनकडच्या भाषेतल्या भक्तीला. मी आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये आल्टो गाते, त्यामुळे मला खरं तर गाणीच ऐकायची होती. शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी बसल्या होत्या, त्यांनी न मागता गीतांचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. बघते तर सुरांच्या जागी आकडे! १ म्हणजे सा, २ म्हणजे रे, वरच्या सप्तकाला आकड्यावर टिंब, खालच्याला खाली टिंब, अगदी आपल्या भातखंडे लिपीसारखं. चिनी अक्षर एक वाचता येत नव्हतं पण चाल मी गुणगुणायला लागले आणि आजी इतक्या खूश झाल्या की पुढचं प्रत्येक गीत स्वतः काढून देत राहिल्या.

नंतर मैत्रिणीने जे सांगितलं ते अजून डोक्यातून जात नाही. कँटनीजमध्ये शब्दाचा सूर बदलला की शब्दच बदलतो, असे सहा सूर आहेत. 'झ्यू' वर चढवत म्हटलं तर प्रभू, आणि वरच्या सुरात सपाट म्हटलं तर डुक्कर. आता मिशनऱ्यांनी आणलेल्या चाली काही चिनी शब्द बघून बांधलेल्या नव्हत्या, त्यांच्यावर भाषांतर बसवलं की प्रभूचं नावच कधी कधी भलत्या सुरावर पडतं, तरी माणसं अर्थ मनात धरून पिढ्यानपिढ्या तीच गीतं गात आलीत. ऐकून मला फार लागलं ते. आपल्याकडे ना. वा. टिळकांनी ओवी-अभंगात ख्रिस्ती गीतं का लिहिली, ते मला तिथे बसून कळलं.

चीनमध्येही ही धडपड झाली. १९३६ साली सहा चर्चसंस्थांनी मिळून एक मोठा गीतसंग्रह काढला, ५१२ गीतं, त्यातली ६२ मूळ चिनीतच लिहिलेली, चाओ त्झू-छन या चिनी धर्मशास्त्रज्ञासारख्या लोकांनी, आणि बऱ्याच गीतांना चालीही चिनी. पुढे त्याची सुधारित आवृत्ती निघाली ती हाँगकाँगमधून.

सिंगापूरची गोष्ट अजून वेगळी. १९७९ मध्ये तिथे सरकारने 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली, मँडरिन म्हणजे चीनची प्रमाण भाषा, मग टीव्ही-रेडिओवरून कँटनीज, होक्किएन, तिओच्यू अशा तिथल्या चिनी लोकांच्या घरच्या बोली हळूहळू जवळजवळ गेल्याच. घरातही गेल्या. आजींचा नातू इंग्रजी आणि मँडरिन बोलतो, आजींची कँटनीज त्याला नीट कळत नाही. पण दोघांचं पुस्तक एकच, कारण लिहिलेली अक्षरं तीच, आजी ती कँटनीजमध्ये वाचतात आणि तो मँडरिनमध्ये.

तरी तो कँटनीज भक्तीला येतो. त्याच्या पुस्तकात प्रत्येक अक्षराच्या वर पेन्सिलीने बारीक रोमन अक्षरांत आजींचा उच्चार लिहिलेला होता आणि जिथे लिहायचं राहिलं होतं तिथे तो आजींच्या तोंडाकडे बघून गात होता.