रेषेच्या वीतभर आत

कोल्हापूरच्या पेठेत, तालीम संघांच्या फुटबॉलवर वाढल्यामुळे पंचाला शिव्या कशा घालायच्या हे मला शिट्टी हातात येण्याआधीच येत होते. गेली अकरा वर्षे मी त्या खातो आहे. त्यांतल्या बहुतेक अज्ञानातून येतात, कारण घसा फोडून ओरडणाऱ्या निम्म्या लोकांना थ्रो-इनवर थेट मिळालेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो हेही ठाऊक नसते. गेल्या मोसमात शेजारच्या एका शहरातील उपान्त्य सामन्यात मात्र त्यांचे खरे होते, आणि सहायक पंचाचा झेंडा माझ्या हातात होता.

दुसऱ्या सत्रात, बरोबरी असताना, सुमारे 25 मीटरवरून जोरदार फटका आला. सहायक पंचाने शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहायचे असते. तो बचावपटू पेनल्टी क्षेत्राच्या कडेवर होता, म्हणजे मी गोलरेषेपासून साडेसोळा मीटर दूर. असा फटका सेकंदभरात पोहोचतो आणि तेवढ्या वेळात जीव खाऊन धावलो तरी माझे पाच-सहा मीटर होतात. चेंडू क्रॉसबारच्या, म्हणजे गोलच्या आडव्या दांड्याच्या, खालच्या अंगाला लागला, जमिनीवर आपटला आणि फिरकी घेऊन बाहेर आला. तिरक्या कोनातून मला चेंडू, रेषा आणि गोलरक्षकाचे पाय एकात एक मिसळलेले दिसले. गोलची खात्री असेल तर झेंडा वर करून मुख्य पंचांचे लक्ष वेधायचे आणि मग मध्यरेषेच्या दिशेने धावायचे, असा आमचा संकेत आहे. मुख्य पंचांनी माझ्याकडे पाहिले. मी हललो नाही. जो गोल दिसला नाही तो द्यायचा नाही, हे शिकवलेलेच असते.

मैदानात पाण्याच्या बाटल्या येऊन पडल्या, खेळ दहा मिनिटे थांबला आणि फटका मारणारा संघ अखेर पेनल्टीवर हरला. मी कपडे बदलेपर्यंत व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचला होता. चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये माती दिसते, एवढ्यावर लोक गोल ठरवत होते. हा पुरावा फसवा आहे. चेंडूचा व्यास सुमारे 22 सेंटिमीटर असतो आणि तो पूर्ण रेषेपलीकडे जावा लागतो, म्हणून टेकलेला बिंदू रेषेच्या आतल्या कडेपासून 11 सेंटिमीटरहून अधिक आत हवा. नाहीतर माती दिसत असली तरी चेंडूचा फुगवटा रेषेवरच असतो.

मी गोलखांबापाशी गेलो. सकाळी पाणी मारलेल्या मातीत एक गोल, उथळ खळगा होता आणि त्याच्या तळाशी चेंडूच्या शिवणीची पुसट वळी उमटली होती. रेषेच्या विस्कटलेल्या पांढऱ्या फक्कीच्या कडेवर अंगठा ठेवून मी हात पसरला, तेव्हा करंगळी खळग्याच्या मध्यावर आली. वीतभर आत, म्हणजे स्वच्छ गोल.

मागून आमचे ज्येष्ठ पंच आले. झेंडा कसा धरायचा हे मला त्यांनीच शिकवले. “अरे, टाचेची खूण असेल ती,” असे म्हणत त्यांनी बुटाने माती सारखी केली. मी काही बोललो नाही. त्या दिवसातले माझे दुसरे मौन हे, आणि पहिल्यापेक्षा तेच मला अधिक छळते.

आम्हा पंचांच्या पुढच्या बैठकीत मी दोनच गोष्टी मागितल्या: बाद फेरीत दोन्ही गोलरेषांवर एकेक जादा सहायक पंच, आणि मध्यंतरात गोलरेषेवर पुन्हा फक्की. कॅमेऱ्याचे नावही काढले नव्हते. तरी “उद्या जो तो मोबाइल नाचवत येईल,” असे उत्तर मिळाले. मग मी 2010 ची आठवण दिली. नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने मार्चमध्ये गोलरेषेच्या तंत्रज्ञानाला नकार दिला आणि 27 जूनला, विश्वचषकात, जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू क्रॉसबारला लागून रेषेच्या बराच आत पडूनही गोल मिळाला नाही. जुलै 2012 मध्ये त्याच मंडळाने तंत्रज्ञान आणि जादा सहायक पंच, दोन्ही मान्य केले. मी एवढे सांगेपर्यंत चहा आला आणि विषय चहाबरोबर संपला.

हरलेल्या संघाच्या कप्तानाने फेरसामना मागितला नव्हता. चूक झाली एवढे लेखी द्या, इतकेच त्याचे म्हणणे होते. त्याचे पत्र फायलीला लागले. आमच्यातले काही जण त्याला अजून ‘तो भांडखोर’ म्हणतात.

त्यानंतरच्या रविवारी मी मध्यंतरात मैदान आखणाऱ्या मामांना गोलरेषा पुन्हा ओढायला सांगितली. फक्कीचे घमेले उचलण्याआधी त्यांनी विचारले, “साहेबांना विचारलंय का?”