आठही दिवे लागले!

आज तिसऱ्या वर्षाच्या पोरांच्या हातात पहिल्यांदा खरी नेटवर्क केबल दिली. आजवर सगळं पॅकेट ट्रेसरवर, म्हणजे संगणकावरच्या नकली नेटवर्कवर, उरकायचो. तिथे वायर ओढली की हिरवा त्रिकोण येतो, झालं प्रॅक्टिकल!

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा... ५६८-बीचा, म्हणजे केबलमधल्या आठ तारांचा ठरलेला, क्रम फळ्यावर लिहूनही पहिल्या तासाला वीसपैकी तीनच केबल टेस्टरवर पास. (एक तर माझीच नापास. हसले लेकाचे.) शेवटच्या बाकावरच्या मुलीच्या केबलला टेस्टरचे आठही दिवे (तारेमागे एक) ओळीने लागले, तेव्हा ती अशी ओरडली की शेजारच्या लॅबमधले डोकावले.

मग भंगाराच्या भावात मिळालेले दोन जुने स्विच (नेटवर्कमधले संगणक एकमेकांना जोडणारे डबे) काढले. स्पॅनिंग ट्री (जोडणीत वर्तुळ होऊ न देणारी सोय) बंद केलं आणि दोघांत मुद्दाम दोन केबल टाकल्या. क्षणात सगळे दिवे एकसारखे लुकलुकायला लागले, पिंग (पलीकडचा संगणक उत्तर देतो का, ती चाचणी) ठप्प. एक केबल उपटली, सगळं शांत. ब्रॉडकास्ट स्टॉर्मची (तेच संदेश वर्तुळात फिरत वाढतात आणि नेटवर्क बुडवतात, त्याची) व्याख्या मी इतकी वर्षं लिहून देत होतो, स्टॉर्म कधी दाखवलंच नव्हतं.

आणखी चार क्रिम्पर (केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायच्या पकडी) हवेत. मागणीपत्रावर ‘कारण’ लिहायला एकच ओळ आहे.