तुम्ही विचारलंत म्हणून: सोडूनच द्यायचा तर पकडता कशाला?

मी धरणावर गळ टाकायला जातो हे कळलं की पहिला प्रश्न येतो, "किती किलोचा लागला?" मग मोबाईलवर फोटो दाखवला की लगेच दुसरा, "एवढा सहा किलोचा सायप्रिनस परत पाण्यात सोडलात? मग रात्रभर डास चावून घेत बसलात कशाला?" सोसायटीत, ऑफिसात, गावी मामांकडे, सगळीकडे हेच. दरवेळी दोन वाक्यात उत्तर देतो आणि कुणालाच पटत नाही, म्हणून आज नीट लिहितो. त्यासाठी १९५२ सालच्या इंग्लंडमधल्या एका माशाची गोष्ट सांगावी लागेल.

आपल्याकडे बाजारात ज्याला सायप्रिनस म्हणतात तोच कॉमन कार्प. इंग्लंडात त्या काळी असं पक्कं मानलं जायचं की मोठा कार्प गळाला लागतच नाही, लागलाच तर लाइन, म्हणजे गळाची दोरी, तोडून जातो, म्हणून त्याच्या नादी लागू नये. १९३० साली डर्बीशायरच्या मॅपर्ली जलाशयात अल्बर्ट बकली यांना २६ पौंडांचा लागला होता आणि तो विक्रम वीसेक वर्षं कुणी हलवला नाही. मग १९५१ मध्ये बॉब रिचर्ड्स यांनी रेडमायर नावाच्या तळ्यातून ३१ पौंड ४ औंसांचा काढला. हे तळं हेरेफर्डशायरमध्ये, वेल्सच्या हद्दीजवळ, जेमतेम तीन एकरांचं, म्हणजे आपल्याकडचं एखादं गावतळंच. १९३४ साली तिथे डोनाल्ड लेनी यांच्याकडून आणलेली कार्पची ५० पिल्लं सोडली होती, हेतू एवढाच की पाण्यातलं तण आटोक्यात राहावं. पुढे त्या माशांकडे कुणी फारसं बघितलं नाही आणि ते आपले वाढत राहिले.

आता येतात रिचर्ड वॉकर. मला हा माणूस फार आवडतो, कारण बाकीचे ज्याला नशीब म्हणत होते ते यांनी गणितासारखं सोडवायला घेतलं. पेशाने इंजिनिअर. बाजारातले रॉड एकतर फार ताठ नाहीतर फार लेचेपेचे, म्हणून बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून दहा फुटी रॉड स्वतः बनवला, मार्क फोर. रॉडचं टोक काटकोनात वाकवायला किती वजन लागतं ते मोजायचं आणि साधारण त्याच्या पाचपट ताकदीची लाइन त्याला जोडायची, हा हिशोबही त्यांचाच, टोक वाकवणाऱ्या वजनाचा तो आकडा आजही रॉडवर छापलेला असतो. आणि रात्री मासा ओढतोय हे अंधारात कळणार कसं? तर लाइन एका बारीक काडीमागून न्यायची, मासा ओढायला लागला की काडी हलते, आत दोन पत्रे एकमेकांना टेकतात आणि बझर वाजतो. एवढंच. माझ्या रॉडखाली जो अलार्म असतो ना, ज्याच्या आवाजाने शेजारच्या तंबूतले लोक वैतागतात, त्याचा मूळपुरुष हाच.

१३ सप्टेंबर १९५२. पहाट व्हायची होती, मिट्ट काळोख. वॉकर आणि त्यांचे मित्र पीट थॉमस रेडमायरच्या काठावर. आमिष काय, तर पावाचा कडक भाग आणि पावाचंच मळलेलं पीठ, लाइन १२ पौंडांचा ताण सोसणारी. बझर वाजला, लाइन सरसर सुटायला लागली, वॉकरनी झटका दिला आणि मासा लागला. पाण्यात तण आणि काठाला काटेरी झुडपं, मासा त्यात घुसला की संपलं, म्हणून त्याला तिकडून वळवत वळवत जवळ आणला आणि थॉमसनी हातजाळ्यात घेतला. मग ताणकाट्याला लावला. काटा ३२ पौंडांपर्यंतच मोजणारा, तो शेवटच्या टोकाला धाडकन जाऊन आदळला. तिथेच दोघांना कळलं की विक्रम मोडलाय, कितीने ते मात्र त्या काट्यावर दिसणार नव्हतं.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा निर्णय. तोपर्यंत विक्रमी मासा म्हणजे मारायचा, पेंढा भरून काचेच्या पेटीत ठेवायचा आणि भिंतीवर टांगायचा. वॉकरनी मासा ओल्या पोत्यात घालून पाण्यातच ठेवला आणि लंडनच्या प्राणीसंग्रहालयाला फोन लावला, घेऊन जाता का म्हणून. ते खरंच गाडी घेऊन आले! वजन भरलं ४४ पौंड, म्हणजे जवळजवळ २० किलो. वॉकर या माशाला रॅव्हिओली म्हणायचे, पण लोकांच्या तोंडी नाव बसलं क्लॅरिसा. १९७१ पर्यंत ती तिथल्या मत्स्यालयात जगली. विचार करा, जवळजवळ एकोणीस वर्षं लोक काचेसमोर उभे राहून तिला हलताना, कल्ले उघडताना बघत होते. माशाला नाव असतं, वय असतं, तो उद्याही असणार आहे, ही जाणीव मला वाटतं तिथून रुजत गेली. तलावात सोडली असती तर मला अजून आवडलं असतं हे खरं, पण त्या काळात जिवंत ठेवणं हीच मोठी उडी होती.

बाकीची उडी १९८० मध्ये पडली. तेच रेडमायर, १६ जून, ख्रिस येट्स यांना ५१ पौंड ८ औंसांचा कार्प लागला, म्हणजे क्लॅरिसाचा आकडा २८ वर्षांनी मागे पडला. आणि येट्सनी तो परत त्याच तळ्यात सोडला.

माझा सहा किलोचा म्हणाल तर तो पहाटे चारच्या सुमाराला लागला होता. ओल्या गोणपाटावर ठेवला, गरी काढली, तोंडाच्या कडेच्या त्या छोट्या मिशा बोटाला लागल्या, कडेचा एक खवला जुन्या जखमेने वाकडा झालेला होता. पोटाखाली हात देऊन गुडघाभर पाण्यात धरून ठेवला, एक मिनिट तो नुसता कल्ले हलवत होता, मग शेपटी एकदा जोरात मारली आणि माझं शर्ट भिजवून गेला. त्याच जागी पुन्हा जातो मी. तो वाकडा खवला परत दिसावा असं मनापासून वाटतं, तेव्हा किती किलोचा झाला असेल ते बघायचंय.

आणि हो, आमिषाचं बऱ्याच जणांनी विचारलंय. येट्सनी गरीला स्वीटकॉर्नचे तीन दाणे लावले होते. मीही तेच लावतो.