तुम्ही विचारलंत म्हणून: होहेन्झोलर्न मोठे कसे झाले?

बर्लिनला आलेले पाहुणे होहेन्झोलर्न राजघराण्याच्या राजवाड्यासमोर उभे राहून मला हमखास विचारतात, "हे घराणं एवढं मोठं झालं कशाच्या जोरावर?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगतात, "शिस्त आणि लष्कर!" नाही हो. याच घराण्यातला अठराव्या शतकातला प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याच्या तीनशे वर्षं आधी हे लोक इथे पाय रोवून बसले होते.

मुळात ते इथले नव्हतेच. दक्षिणेत श्वाबियातल्या झोलर्न गडाचे सरदार. त्यांच्यातल्या एकाने न्यूर्नबर्गच्या बुर्गग्राफची, म्हणजे राजाच्या वतीने गड सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची, मुलगी केली आणि 1192 च्या सुमारास सासऱ्यामागे ते पद घरात आलं. पुढे सहाव्या फ्रेडरिकने सिगिस्मुंडला जर्मनीचा राजा म्हणून निवडून यायला मदत केली. त्या उपकारांपोटी आणि देण्यापोटी 1411 मध्ये ब्रांडेनबुर्गचा, म्हणजे बर्लिनभोवतालच्या प्रांताचा, कारभार त्याच्या हाती आला, 1415 मध्ये इलेक्टरपद, म्हणजे जर्मनीचा राजा निवडण्याचा हक्क असलेल्या सरदाराचं पद. लग्न आणि पैसा, एवढंच मी पूर्वी सांगायचे. ते खोटं नाही. पण तिथेच थांबलं की ज्यांच्या उरावर ही सत्ता बसली, ती माणसं दिसेनाशी होतात.

1442 मध्ये बर्लिन आणि क्योल्न या जुळ्या शहरांत नगरपरिषद आणि कारागिरांचे संघ यांची जुंपली होती. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. सहाव्या फ्रेडरिकचा मुलगा, ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर दुसरा फ्रेडरिक, ज्याला लोक 'लोखंडी दाताचा' म्हणत, मध्ये पडला. त्याने दोन्ही शहरांची संयुक्त परिषद मोडली, श्प्रे नदीच्या बेटावरची जागा घेतली आणि 1443 मध्ये तिथे गढीची पायाभरणी केली. 1448 मध्ये लोकांनी नदीचे बांधदरवाजे उघडले आणि बांधकामात पाणी सोडलं. इलेक्टरचा पाया बुडवायला निघालेलं शहर! टिकले नाहीत ते. त्याच वर्षी शरण जावं लागलं, धनिकांना दंड बसले, जहागिरी गेल्या. 1451 मध्ये तो तिथे राहायलाही आला.

हे सांगितलं की मला प्रशियाद्वेष्टी ठरवतात. 1685 मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्युगेनोंना, म्हणजे फ्रेंच प्रॉटेस्टंटांना, याच घराण्याने आसरा दिला, तेही मी तितक्याच मनापासून सांगते. शिवाय परिषदेतले श्रीमंत व्यापारी तरी गरिबांना कुठे विचारत होते? म्हणून तर कारागिरांना फ्रेडरिक जवळचा वाटला.

पण त्याने भांडण सोडवावं असं वाटणं वेगळं आणि शहराच्या किल्ल्या त्याच्या हाती जाणं वेगळं. यावर माझं आणि पाहुण्यांचं अजून एकदाही एकमत झालेलं नाही.