आईच्या सैल झालेल्या बांगड्या

डिचोलीच्या जुन्या घरात आयुष्यभर चुलीच्या धुरात रांधलेल्या आईला सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे निदान झाले, तेव्हा आमचे सारे लक्ष तिच्या खोकल्याकडे आणि इन्हेलरकडे लागले; मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या, ते मात्र आम्ही वयावर ढकलले. ही आमची मोठी चूक होती. या आजारात फुप्फुसांत हवा अडकून राहते, त्यामुळे श्वसनाच्या स्नायूंना जास्त श्रम पडून ऊर्जा अधिक खर्च होते आणि त्याच वेळी दोन घासांतच धाप लागत असल्याने जेवण घटते. मग स्नायू झिजतात. त्यांत श्वासाचे स्नायूही आलेच. सीओपीडीच्या रुग्णाला किती धोका आहे हे मोजणाऱ्या, २००४ साली मांडल्या गेलेल्या बोड निर्देशांकात २१ किंवा त्याहून कमी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) हा धोक्याचा घटक धरला आहे. (अतिलठ्ठपणानेही दम वाढतो, पण आईची अडचण ती नव्हती.) तुडुंब पोटाचा दाब श्वासपटलावर येतो, म्हणून आता आम्ही तिला दिवसातून सहा वेळा थोडे थोडे वाढतो. अकराच्या पेजेत चमचाभर तूप असते, दुपारी माशाची तुकडी आणि संध्याकाळी उकडलेले अंडे. जेवणाआधी ती थोडा वेळ टेकून बसते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तिचे वजन मी कॅलेंडरवर लिहितो.