फोटोशॉपचे प्रेफरन्सेस: आधी काय ठरवावे, नंतर काय

फोटोशॉप नव्याने बसवले की बहुतेक जण थेट पहिला फोटो उघडतात आणि कामाला लागतात. प्रेफरन्सेसची (म्हणजे फोटोशॉपच्या मूळ सेटिंगची) खिडकी उघडलीच, तर ती काहीतरी अडल्यावर, म्हणजे ‘स्क्रॅच डिस्क भरली’ असा निरोप पडद्यावर आल्यावर किंवा मराठी मजकूर मोडका दिसू लागल्यावर उघडली जाते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. लग्नाचे अल्बम आणि घराघरांतले जुने, डागाळलेले फोटो दुरुस्त करण्याचे काम मी करतो, आणि नवीन संगणकावर हात ठेवताना पहिला वेळ मी या खिडकीला देतो. विंडोजवर कंट्रोल आणि के, मॅकवर कमांड आणि के ही कळ दाबली की ती उघडते.

मात्र ती उघडल्यावर वरून खाली जात एकेक चौकट तपासण्यात अर्थ नाही, कारण तिथल्या विभागांचा क्रम महत्त्वाचा क्रम नाही. ज्या सेटिंगचा परिणाम फाइलमध्येच उतरतो आणि नंतर सहज काढता येत नाही, ती मी सर्वांत आधी लावतो. त्यानंतर केलेले काम हरवू नये यासाठीची, मग वेगाची आणि सर्वांत शेवटी हाताच्या सोयीची. कर्सरचा आकार कधीही बदलता येतो, पण सहा महिन्यांपूर्वी छापून गेलेल्या अल्बममधली फिकट पडलेली हळद आज परत आणता येत नाही.

फाइलमध्ये उतरणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रंग, आणि नेमके तेच सेटिंग प्रेफरन्सेसच्या खिडकीत नाही. एडिट मेन्यूमध्ये ‘कलर सेटिंग्ज’ नावाची वेगळी खिडकी आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि के या कळांनी ती उघडते. तिथे वर्किंग स्पेसमध्ये, म्हणजे फाइलचे रंग ज्या मोजपट्टीवर मोजले जातात तिथे, आरजीबीसाठी (लाल, हिरवा, निळा या रंगपद्धतीसाठी) एसआरजीबी ठेवावे की अ‍ॅडोबी आरजीबी (१९९८), यावर छायाचित्रकारांत हिरिरीने वाद होतात. अ‍ॅडोबी आरजीबीचा आवाका मोठा आहे, विशेषतः हिरव्या आणि निळसर हिरव्या छटांमध्ये, हे खरे आहे. पण ज्या लॅबला फाइल जायची आहे ती लॅब प्रत्येक फाइल एसआरजीबीच आहे असे धरून छापत असेल, तर हा मोठा आवाका आपल्याच अंगाशी येतो: तेच आकडे लहान आवाक्यात वाचले जातात आणि सगळे रंग मलूल होतात. झेंडूचा केशरी, हळदीचा पिवळा, शालूचा लाल, म्हणजे आपल्या लग्नांमध्ये ज्या रंगांवर सगळा जीव असतो, तेच आधी मरतात. म्हणून लॅबला एकदा विचारावे, आणि उत्तर ठाम मिळाले नाही तर एसआरजीबी ठेवावे.

त्याच खिडकीत खाली ‘कलर मॅनेजमेंट पॉलिसीज’ आहेत. तिथे ‘प्रिझर्व्ह एम्बेडेड प्रोफाइल्स’ निवडावे (प्रोफाइल म्हणजे रंग कोणत्या मोजपट्टीवर वाचायचे याची फाइलमधलीच नोंद) आणि प्रोफाइल जुळत नसेल तर विचारावे, ही चौकटही चालू ठेवावी. हल्ली पाहुण्यांनी आयफोनवर काढलेले फोटो अल्बमसाठी हमखास येतात. त्यांत डिस्प्ले पी३ हे प्रोफाइल असते आणि ते एसआरजीबीपेक्षा मोठे असते. फाइल उघडताना प्रश्न समोर आला, तर ती कुठून आली आहे हे तरी आपल्याला कळते. दर वेळी एक खिडकी मध्ये येते म्हणून अनेक जण हा प्रश्न बंद करून टाकतात. मला तो त्रास वाटत नाही. कामाच्या सुरुवातीला एवढे एक वाक्य वाचणे परवडते.

रंगाच्या जोडीला बिट-डेप्थ, म्हणजे प्रत्येक रंगाच्या किती बारीक पायऱ्या साठवायच्या ते, येते. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेला फोटो, फोटोशॉपसोबतच्या ‘कॅमेरा रॉ’मधून फोटोशॉपमध्ये ८ बिटमध्ये आणायची की १६ बिटमध्ये, हे कॅमेरा रॉच्या वर्कफ्लोच्या पर्यायांत ठरते. संध्याकाळच्या आकाशाचे मोठे उतार, मांडवातला धूर किंवा गडद पार्श्वभूमीवर हळूहळू विरत जाणारा प्रकाश असेल, तर ८ बिटमध्ये उजेड-रंग बदलणारे दोन-तीन कर्व्ह लावताच पट्टे दिसू लागतात, आणि नंतर फाइल १६ बिटमध्ये बदलून ते पट्टे जात नाहीत. याची किंमत जागेत मोजावी लागते. बारा बाय छत्तीस इंचांचे अल्बमचे एक पान ३०० पिक्सेल प्रति इंच या हिशेबाने ३६०० बाय १०,८०० पिक्सेलचे होते. ८ बिटमध्ये त्याचा एकच सपाट थर सुमारे ११७ एमबी जागा घेतो आणि १६ बिटमध्ये त्याच्या दुप्पट. म्हणून मूळ फोटोवरचे रंगकाम मी १६ बिटमध्ये करतो आणि पानाची जुळणी ८ बिटमध्ये.

आता आपल्या भाषेचा प्रश्न. इंग्रजीतल्या बहुतेक मार्गदर्शनांत याला फारशी जागा मिळत नाही, आणि आपल्याकडे तर पहिल्याच पानावर याची गाठ पडते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये अक्षरे मांडण्यासाठी वेगवेगळी इंजिने होती आणि मूळ सेटिंग लॅटिन लिपीच्या सोयीचे होते. त्या सेटिंगमध्ये युनिकोड (संगणक-मोबाइलवर सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताचा) फाँट वापरून ‘शुभविवाह’ टाइप केले, तर ‘वि’ची पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर येते, म्हणजे दोन ‘व’च्या मधोमध अडकून बसते. ‘लग्न’मधला ‘ग्न’ जुळत नाही, ‘ग’च्या पायाशी हलन्त उघडा पडतो आणि शेजारी आख्खा ‘न’ उभा राहतो. ‘सूर्य’मधला रफार ‘य’च्या डोक्यावर जाण्याऐवजी तिथेच खाली उरतो. फाँट बिघडला असे समजून लोक एकामागून एक फाँट उतरवत राहतात, पण फाँटचा यात काहीही दोष नसतो.

त्या जुन्या आवृत्त्यांत उपाय प्रेफरन्सेसमध्येच आहे. ‘टाइप’ विभागात टेक्स्ट इंजिनच्या पर्यायांमध्ये ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडावे आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा सुरू करावे. आधी लिहिलेला मजकूर एवढ्याने आपोआप सुधारत नाही. तो थर निवडून, पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातल्या मेन्यूमधून ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावे लागते. ऑक्टोबर २०२१मध्ये आलेल्या २३व्या आवृत्तीपासून ही वेगवेगळी इंजिने जाऊन एकच इंजिन आले आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. तरीही नव्या संगणकावर ‘शुभविवाह, लग्न, सूर्य, श्रीक्षेत्र’ एवढी एक ओळ टाइप करून पाहावी, म्हणजे वेलांटी, जोडाक्षर आणि रफार या तिन्हींची परीक्षा एकदमच होते.

हा दोष अनेक स्टुडिओंच्या वर्षानुवर्षे लक्षात आला नाही, याचे कारण त्यांचे काम युनिकोडपूर्व फाँटवर चालत असे. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, त्यामुळे फोटोशॉपच्या दृष्टीने तो मजकूर इंग्रजीच असतो आणि जुळणीचा प्रश्नच येत नाही. पण वधूवरांच्या घरून आता नावे मोबाइलवर टाइप होऊन येतात आणि ती युनिकोडमध्येच असतात. ती तशीच चिकटवता आली, तर पुन्हा टाइप करताना आडनावात होणाऱ्या चुका टळतात. मुंबईच्या एक टाइपने केलेल्या मुक्ता किंवा बलूसारख्या मोफत फाँटमध्ये मराठीची जोडाक्षरे इतकी नीट बसतात, की जुन्या पद्धतीला धरून राहण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

काम सुरक्षित ठेवण्याची सेटिंग ‘फाइल हँडलिंग’ विभागात आहेत. रिकव्हरीची माहिती आपोआप जपण्याचे अंतर मुळात १० मिनिटे असते. मी ते ५ वर आणतो. वीज अचानक जाणाऱ्या गावात तर ते ५ वरच असावे. ही नोंद फोटोशॉप अनपेक्षितपणे बंद पडल्यावरच उपयोगी येते, हे मात्र ध्यानात ठेवावे. आपण स्वतः ‘सेव्ह करू नका’ म्हणून फाइल बंद केली, तर ती वाचवत नाही. याच विभागात ‘मॅक्सिमाइझ पीएसडी अँड पीएसबी कम्पॅटिबिलिटी’ आहे (पीएसडी आणि पीएसबी हे फोटोशॉपच्या फाइलचे प्रकार). लाइटरूम क्लासिक या फोटो सांभाळण्याच्या प्रोग्राममध्ये आपल्या पीएसडी दिसायला हव्या असतील तर ते चालू लागते, आणि त्याच्या बदल्यात फाइल थोडी फुगते. २०२१मध्ये ‘सेव्ह अ‍ॅज’मधून जेपेगचा पर्याय निघून ‘सेव्ह अ कॉपी’कडे गेला, तेव्हा पुष्कळांची तारांबळ उडाली होती, जुनी पद्धत परत आणणारी चौकटही इथेच आहे.

वेगाकडे आल्यावर ‘परफॉर्मन्स’ विभाग. इथे मोह असा होतो की सगळे आकडे वाढवून टाकावेत. फोटोशॉपला मिळणारा मेमरीचा (रॅमचा) वाटा मुळात ७० टक्के असतो, आणि १६ जीबीच्या संगणकावर शेजारी लाइटरूम आणि ब्राउझर उघडे असतील तर तेवढाही जास्त होतो, कारण उरलेल्या मेमरीत बाकीच्यांचे भागत नाही आणि सगळेच मंदावते. हिस्टरी स्टेट्स म्हणजे मागे किती पावले जाता येईल, त्याचा आकडा नव्या आवृत्त्यांत ५० असतो आणि १००० पर्यंत नेता येतो. ब्रशचा एक फटका फारशी जागा घेत नाही, कारण फोटोशॉप बदललेला भागच जपतो. पण संपूर्ण चित्रावर फिल्टर लावला की तो सगळा थर नव्याने साठवावा लागतो. वरच्या हिशेबातल्या ११७ एमबीच्या थरावर अशी ५० पावले झाली तर सुमारे ५.८ जीबी जागा लागेल. म्हणून आकडा वाढवण्यापेक्षा महत्त्वाच्या टप्प्यावर हिस्टरी पॅनेलमध्ये स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंद) घेणे आणि फिल्टर स्मार्ट ऑब्जेक्टवर (मूळ चित्र जपून ठेवणाऱ्या थरावर) लावणे मला जास्त पटते.

मेमरी संपली की फोटोशॉप स्क्रॅच डिस्ककडे, म्हणजे तात्पुरत्या साठवणीसाठी वापरायच्या ड्राइव्हकडे, वळते. ती बहुधा विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तीच असते, आणि आपल्याकडच्या अनेक संगणकांवर तीच सर्वांत भरलेली असते. दुसरा एसएसडी असेल तर ‘स्क्रॅच डिस्क्स’मध्ये त्याला पहिला क्रम द्यावा. जागा नसल्यामुळे फोटोशॉप उघडतच नसेल, तर सुरू होताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून ठेवावे, म्हणजे डिस्क निवडण्याची खिडकी थेट समोर येते.

‘इंटरफेस’ विभागात करड्या रंगाच्या चार छटा दिसतात आणि हा केवळ आवडीचा प्रश्न आहे असे वाटते, पण तो तसा नाही. गडद चौकटीत ठेवलेला फोटो डोळ्याला आहे त्याहून उजळ भासतो. काळ्या पार्श्वभूमीवर तासन् तास काम केले की आपण नकळत फोटो गडदच सोडतो, आणि तो पांढऱ्या कागदावर छापून आला की चेहरे काळवंडलेले दिसतात. छापील कामासाठी मी मधली करडी छटा ठेवतो, आणि शेवटची पाहणी करताना चित्राबाहेरच्या रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करून तेवढीच जागा फिकट करून पाहतो. याने सावल्यांचा निर्णय बदलल्याचे अनेकदा अनुभवले आहे. मॉनिटरचा ब्राइटनेस पूर्ण चढवलेला असेल तर अर्थात या सगळ्याचा उपयोग नाही.

सोयीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. अल्बमच्या कामात मापाचे एकक इंच ठेवावे आणि ३५ बाय ४५ मिलिमीटरचे पासपोर्ट फोटो करणाऱ्याने मिलिमीटर. माउसच्या चाकाने झूम व्हावे ही चौकट ‘टूल्स’मध्ये आहे. शिफ्ट दाबून प्रमाणात मोठे-लहान करण्याची जुनी सवय मोडत नसेल, तर ‘जनरल’मधले ‘लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म’ चालू करावे.

एका सेटिंगचा उल्लेख क्वचितच होतो आणि जुने फोटो दुरुस्त करणाऱ्यांनी ते जरूर वापरावे, ते म्हणजे ‘हिस्टरी लॉग’. फाइलवर काय काय केले याची नोंद फोटोशॉप वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये, फोटोच्या मेटाडेटामध्ये (फाइलमधल्या न दिसणाऱ्या माहितीत) किंवा दोन्हीकडे ठेवू शकते, आणि ‘डिटेल्ड’ निवडल्यास नोंद बरीच तपशीलवार असते. पणजोबांच्या फाटलेल्या फोटोत कुठला भाग मूळचा आणि कुठला आपण भरलेला, हे त्या कुटुंबाला पुढे कधीतरी जाणून घ्यावेसे वाटेल. नोंद टेक्स्ट फाइलमध्येच ठेवावी असे माझे मत आहे, कारण मेटाडेटातली नोंद फाइलबरोबर सगळीकडे जाते.

जे गिंप हा मोफत प्रोग्राम वापरतात त्यांनाही हाच क्रम लागू पडतो. तिथे देवनागरीची जुळणी मुळातच नीट होते, त्यामुळे एक काळजी कमी. ‘कलर मॅनेजमेंट’मध्ये फाइल उघडताना एम्बेडेड प्रोफाइलचे काय करायचे हे ठरवता येते, तर मागे जाण्याची किमान पावले आणि त्यासाठीची मेमरी ‘सिस्टिम रिसोर्सेस’मध्ये ठरवता येते. किमान पावले मुळात फक्त ५ असतात, ती वाढवावीत. निर्यातीच्या विभागात एक्झिफ माहिती (फोटो कधी, कुठे, कसा काढला याची नोंद) मूळ सेटिंगमध्येच जपायची की नाही, याची चौकट आहे. घरातल्या मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणाऱ्यांनी ती बंद ठेवलेली बरी, कारण मोबाइलच्या फोटोत बऱ्याचदा ठिकाणाची नोंद असते.

सगळे मनासारखे लावून झाले की फोटोशॉप एकदा रीतसर बंद करावे. प्रेफरन्सेस डिस्कवर लिहिले जातात ते फोटोशॉप बंद होताना. त्याआधीच ते कोलमडले, तर केलेले बदल जातात. मग विंडोजवर आपल्या नावाच्या फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटा, रोमिंग, अ‍ॅडोबी या वाटेने जाऊन त्या आवृत्तीचा ‘सेटिंग्ज’ फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा. अ‍ॅक्शन्सही (नोंदवून ठेवलेली, आपोआप चालणारी पावले) त्यातच असतात. पुढे कधी फोटोशॉप विचित्र वागू लागले, तर सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट दाबून प्रेफरन्सेस पुसून टाकता येतात, पण त्याआधी हा फोल्डर बाजूला काढलेला असावा, आणि कलर सेटिंग्जची खिडकी पुन्हा उघडून सगळे जागेवर आहे ना, हे स्वतः पाहावे.