मुरूम, काटे, काळी: मराठवाड्यासाठी माउंटन बाइक निवडताना

सायकलच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो: शॉकअप किती? मराठवाड्यात हा प्रश्न तिसरा-चौथा यायला हवा. इथे सायकल ढकलत घरी आणावी लागते ती शॉकअप कमी पडला म्हणून नाही. ती वेळ आणतात बाभळीचा काटा आणि ओली काळी माती. त्यामुळे पैसा आधी टायर, रिम आणि गिअरवर घाला.

त्याआधी एक काम करा. गेल्या दहा फेऱ्या कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकीत डांबर किती, मुरमाची गाडीवाट किती, काळ्या रानातली पाणंद किती, दगडी चढ किती, ते किलोमीटरमध्ये मांडा. परभणी-जालन्याकडच्या सपाट काळ्या रानात फिरणाऱ्याची गरज एक, बालाघाटाच्या माळावर किंवा म्हैसमाळच्या बाजूला जाणाऱ्याची वेगळी. सायकल घ्यायची ती या कागदावरच्या वाटांसाठी. वर्षातून एकदा होणाऱ्या सह्याद्रीच्या सहलीसाठी नाही.

बहुतेकांच्या कागदावर डांबर आणि मुरूमच जास्त निघेल. मुरूम म्हणजे टणक जमिनीवर सुटी खडी. त्यावर मधे बुटक्या, जवळजवळ गुट्ट्या (टायरवरचे रबरी उंचवटे) आणि कडेला उंच गुट्ट्या असलेला टायर चांगला चालतो. 29 इंची चाक आणि 2.25 इंच रुंदीचा टायर ही जोडी बहुतेकांना पुरते. वजन 70 किलोच्या आसपास असेल तर ट्यूबलेसमध्ये पुढे 22-24 आणि मागे 25-27 पीएसआय हवा ठेवा. ट्यूब असेल तर पाचेक पीएसआय वाढवा, नाहीतर दगडावर आपटून रिम ट्यूबला चिमटा घेते आणि दोन समांतर चिरा पडतात. मे महिन्यात सकाळी भरलेली हवा उन्हात उभ्या सायकलीत दोन-तीन पीएसआय चढते, हेही धरून चला.

आता काटे. बाभूळ, वेडी बाभूळ, बोरी आणि जमिनीलगतचे सराटे असताना इथे ट्यूबलेसला चैन समजू नये. 29 × 2.25 टायरला 100 ते 120 मिली सीलंट (भोक आतून बुजवणारे द्रावण) घाला आणि उन्हाळ्यात दर चार-सहा आठवड्यांनी तपासा. ते सुकून आत पापडी धरते आणि नेमक्या काट्याच्या दिवशी उपयोगी पडत नाही. काटा उपसला की भोक खाली येईल असे चाक फिरवून थोडा वेळ थांबा. मात्र तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या धसकटाने टायरची बाजू फाटली तर सीलंट काही करू शकत नाही. म्हणून हलक्या, पातळ बाजूच्या रेसिंग टायरच्या नादी लागू नका. ट्यूबच वापरत असाल तर नवी घालण्याआधी कापसाचा बोळा टायरच्या आतून पूर्ण फिरवा. बोटाला न जाणवणारे मोडके टोक कापसाचा तंतू ओढून धरते.

गिअरचा हिशेब साधा आहे. स्वस्त सायकलीत पुढची सगळ्यात लहान चकती 28 दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठीही 28 ची, असे बऱ्याचदा दिसते. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एक फेरा, साधारण 2.3 मीटर. मिनिटाला 60 फेरे धरले तर ताशी आठ किलोमीटरच्या वर वेग होतो. सुट्या मुरमाच्या खड्या चढावर तो टिकत नाही. मग माणूस उभा राहतो, मागच्या चाकावरचा भार हटतो आणि चाक जागेवर गरगरते. पुढे 32 आणि मागे 51 असेल तर तेच पाय ताशी पाच किलोमीटरवर चालतात आणि बसून चढ निघतो.

शॉकअपचे थोडक्यात. पुढे 100 ते 120 मिमीचा, हवेवर चालणारा आणि मागे काही नाही, एवढ्यावर इथली बहुतेक रपेट होते. हे मिमी म्हणजे तो जास्तीत जास्त किती दबतो ते अंतर. बसल्यावर त्याच्या 20 टक्के दबावा, इतकी हवा ठेवा. 80 मिमीचा स्वस्त स्प्रिंगवाला फक्त वजन वाढवतो आणि खड्ड्यातून उसळी मारतो. मागचा शॉकअप घ्यायचा तो अजिंठ्याच्या डोंगररांगेत किंवा माहूर-किनवटकडे दर आठवड्याला दगडी उतार करणाऱ्याने.

राहिली काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात पुढचे चाक सापडते, तिथे 2.4 चा रुंद टायर बरा. पावसाळ्यात उलटे. माती टायरला थरावर थर चिकटते, त्यात काडीकचरा मिसळतो आणि मागच्या दांड्यांमध्ये चाक गच्च होते. म्हणून टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना बोट सहज जाईल एवढी जागा आहे का, ते दुकानातच बघा. नसेल तर पावसाळ्यापुरता 2.1 टायर लावा. चाक अडले की पायडलवर जोर देऊ नका. चिखलाने जड झालेला डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, साखळीबरोबर ओढला जाऊन आऱ्यांत घुसतो आणि तो फ्रेमला जोडणारा हँगर मोडतो. उतरा, काडीने चिखल काढा, सायकल खांद्यावर घ्या. सगळ्यात बरे म्हणजे वाफसा येईपर्यंत त्या रानात जाऊच नका. कुळव जिथे चालत नाही तिथे सायकलही चालत नाही. हँगर मात्र बहुतेकदा फ्रेमगणिक वेगळा असतो आणि तालुक्याच्या गावात मिळत नाही, तेव्हा सायकल घेतानाच एक जादा मागून घ्या.